सासूबाईंची आरशाची डबी

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. शनिवार होता. शनिवारी आमची शाळा सकाळची असते. तास आटोपून घरी आले, कुकर चढवला आणि शिट्ट्या होईपर्यंत म्हणून पेपर हातात घेतला. पाहते तो आत बातमी – सिमोन टाटा यांचे ५ डिसेंबर २०२५ रोजी मुंबईत निधन. वय ९५.

“अगंबाई!” माझ्या तोंडून निघून गेलं.

सासूबाई समोर बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. “कोन गेलं वं?”

“टाटांच्या घरातल्या, आई. ती लॅक्मे कंपनी वाढवली ना, त्या.”

सासूबाईंचा हात ताटात तसाच थांबला. क्षणभरच. मग पुन्हा खडे वेचू लागला. त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही कुकरच्या नादात विसरून गेले. तो हात का थांबला होता, ते मला रात्री कळलं. पण ते पुढे सांगते.

मैत्रिणींनो, लॅक्मे हे नाव आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही? लग्नाच्या बस्त्यात मुलीच्या पेटीत जी लिपस्टिक ठेवली जाते, कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या पर्समध्ये जी काजळाची कांडी असते, त्यावर हे नाव असतंच. मला तर लहानपणी ते नाव एखाद्या परदेशी मडमेचं वाटायचं. पुढे कळलं की ते आपल्या लक्ष्मीचंच फ्रेंच रूप! लिओ देलिब नावाच्या फ्रेंच संगीतकाराची याच नावाची एक संगीतिका १८८३ साली पॅरिसला रंगमंचावर आली. तिची नायिका हिंदुस्थानातल्या एका पुजाऱ्याची मुलगी. आपली लक्ष्मी अशी पॅरिसला जाऊन, नाव बदलून, पुन्हा आपल्या घरी पावडरच्या डबीवर बसून आली.

ही कंपनी निघाली १९५२ साली. तेव्हा देश नुकता स्वतंत्र झालेला. परकीय चलनाची चणचण. आणि ऐपतदार घरच्या बायका मात्र पावडर, लिपस्टिक बाहेरदेशची मागवत. असं सांगतात की पंडित नेहरूंनीच जे. आर. डी. टाटांजवळ विषय काढला, की या वस्तू आपल्याकडेच का होऊ नयेत? मग टाटा ऑइल मिल्सने फ्रेंच कंपन्यांच्या सहकार्याने लॅक्मे काढली. टाटा ऑइल मिल्स म्हणजे तीच हो, आपल्या आया-आज्यांच्या मोरीतला ‘५०१’चा बार आणि ‘हमाम’ काढणारी! कपडे धुण्याच्या साबणाच्या घरात लिपस्टिक जन्माला आली म्हणायची.

आणि सिमोनबाई? त्या जन्मल्या १९३० साली, स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाला. माहेरचं आडनाव द्युनोये. भाषा फ्रेंच. १९५३ साली त्या हिंदुस्थान पाहायला म्हणून आल्या, नवल टाटांची ओळख झाली आणि १९५५ मध्ये लग्न होऊन त्या मुंबईच्याच झाल्या. नवल टाटांचं ते दुसरं लग्न. पहिल्या लग्नाचे दोन मुलगे – रतन आणि जिमी – आजीजवळ, नवाजबाईंजवळ वाढत होते. म्हणजे देश परका, भाषा परकी, आणि घरही असं की ज्यात आपल्या आधीचं बरंच काही घडून गेलेलं. पुढे १९५७ मध्ये त्यांना मुलगा झाला, नोएल. १९६१ साली त्या लॅक्मेच्या संचालक मंडळात आल्या आणि मग पस्तीसएक वर्षं त्या कंपनीतच राहिल्या. १९८२ मध्ये अध्यक्ष झाल्या.

हे वाचताना माझ्या मनात काय आलं, सांगू? हसाल तुम्ही. माझ्या मनात आली सांबाराची जुडी!

माझं माहेर सातारचं. लग्न होऊन यवतमाळला आले, त्याच आठवड्यात सासूबाईंनी सांगितलं, “सूनबाई, बाजारातून सांबार आन.” मी आपली एका इडली-डोशाच्या हॉटेलातून डब्यात गरमागरम सांबार घेऊन आले! इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला बापडीला कुठलं ठाऊक? घरभर हशा पिकला. मी हसले, पण आत जाऊन रडलेसुद्धा. मराठी असून, बी. ए.ला मराठी घेऊन पास झालेली असून, मला मराठीच कळेना! तिथे जिनिव्हाहून आलेल्या बाईंचं काय झालं असेल? टाटांच्या घरात नोकरचाकर असतील, गाड्या असतील; पण नव्या माणसाचं बुजलेपण गाडीत बसून जात नाही.

पण बाहेरून आलेल्या बाईचा एक फायदा असतो. घरातल्यांना जे सवयीनं दिसेनासं झालेलं असतं, ते तिला दिसतं. गोऱ्या देशांत बनलेली पावडर आपल्या गव्हाळ, सावळ्या चेहऱ्यावर पिठासारखी दिसते. थंड हवेतली क्रीम्स आपल्या उन्हाळ्यात कशी टिकणार? आमच्या यवतमाळला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तिथे तर लावलेलं सगळं घामाबरोबर पदरातच जातं. लॅक्मेचं म्हणणं पहिल्यापासून हेच राहिलं, की इथल्या बाईच्या रंगाला आणि इथल्या हवेला मानवेल ते इथेच करायचं.

आणि दुसरी अडचण होती मनाची. त्या काळी रंगलेले ओठ म्हणजे सिनेमातली खलनायिका! चांगल्या घरच्या बायका कुंकू लावत, काजळ घालत, फार तर पावडरचा हात फिरवत. सरकारही काही वेगळं समजत नव्हतं. सौंदर्यप्रसाधनं म्हणजे चैन, तेव्हा त्यावर जबर अबकारी कर. आपल्या विदर्भाचं एक उदाहरण सांगते. केशव पेंढारकर नागपूर सोडून मुंबईला गेले आणि त्यांनी १९५२ सालीच विको कंपनी काढली. त्यांची हळदीची क्रीम औषध की सौंदर्यप्रसाधन, यावर सरकारशी वर्षानुवर्षं कज्जा चालला, कारण औषध ठरलं तर कर कमी! बघा, बाईनं त्वचा बरी करायला लावलं तर गरज, आणि छान दिसायला लावलं तर चैन.

अशा वातावरणात १९८० च्या सुमारास लॅक्मेच्या ज्या जाहिराती आल्या, त्यात साडीतल्या तरुणीच्या हाती आपली भारतीय वाद्यं होती. मासिकांच्या जुन्या अंकांत मी त्या पाहिल्या आहेत. ती मुलगी नखरेल नव्हती. सतार शिकणारी कुणाचीही पुतणी-भाची शोभली असती. ‘लिपस्टिक लावणारी बाई घरंदाज असू शकते’ हे भाषण न देता सांगितलं त्यांनी.

सोमवारी मी ही सगळी माहिती शिक्षकांच्या खोलीत मोठ्या उत्साहानं सांगितली. एक बाई डबा उघडता उघडता म्हणाल्या, “अहो, तिच्यामागे टाटा होते. आपल्यामागे कोन हाय जी?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. खरंच होतं ते. मी स्वतः तासिका तत्त्वावर शिकवते. जेवढे तास, तेवढे पैसे. दिवाळीच्या अन् उन्हाळ्याच्या सुट्टीत हात रिकामा. टाटांच्या सूनबाईंशी आपली कसली बरोबरी? पण एक सांगते, टाटांचं नाव बाईला दुकानापर्यंत आणील. एकदा नेलेली डबी संपल्यावर ती दुसरी न्यायला येते, ते नावासाठी नाही. पहिली डबी जशी होती तशीच दुसरी असते, म्हणून येते. आणि हे मी पुस्तकातून शिकले नाही. स्वतःच्या अंगावरून शिकले आहे.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला दोन वर्षं लागली.

माझी आजी दिवाळीला घरी उटणं करायची. तिच्याकडून मी शिकले. २०२३ च्या दिवाळीत मनात आलं, चार पैसे मिळतील, सुट्टीत हातही रिकामा आहे, तेव्हा थोडं जास्त करून विकावं. आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणाले, “मास्तरीणबाई घरोघर पावडरी विकत फिरणार का आता?” मला राग आला. करूनच दाखवते म्हटलं! साठ रुपयांची एकेक पुडी, अशा चाळीस पुड्या केल्या. पण नागरमोथा आणि वाळा महाग पडला, वास काही मनासारखा येईना. तेव्हा बाजारातून एक सुगंधी द्रव्य सुटं आणलं आणि सगळ्यात मिसळलं. कशाचं बनवलंय, किती घालायचं, काही विचारलं नाही. वास मात्र असा सुटला की गल्लीतल्या बायका विचारत आल्या.

पुड्या हातोहात खपल्या. आणि नरक चतुर्दशीला सकाळी फोन आला. मागच्या गल्लीतल्या वहिनींचा. त्यांची मुलगी माझ्याच वर्गातली, आठवीतली. तिच्या गालांवर, मानेवर लालबुंद चट्टे उठले होते. ऐन दिवाळीत पोर तोंड झाकून बसली होती. “बाई, तुमी काय घातलं होतं जी त्याच्यात?” त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, घाबरलेपणा होता. आणि मला उत्तर देता येईना. मलाच कुठे माहीत होतं?

चट्टे आठ-दहा दिवसांत गेले, देवाची कृपा. पण मी काय केलं? उरलेल्या पुड्या मोरीत ओतल्या आणि वहिनींचे साठ रुपये मुलाच्या हाती पाठवून दिले. स्वतः गेले नाही. त्या गल्लीतून जायचंच सोडलं. वर्गात ती मुलगी पहिल्या बाकावर बसे, तर मी फळ्याकडे बघून शिकवी. घरी सांगितलं, “तुम्ही म्हणता तेच खरं, मास्तरणीला हे शोभत नाही.” ह्यांना वाटलं, त्यांचं पटलं. खरं तर मी त्यांच्या बोलण्याआड लपले होते.

आता त्या शनिवारच्या रात्रीकडे येते.

जेवणं झाली, ओटा आवरला. सासूबाईंनी मला हाक मारली. पलंगाखालून त्यांनी आपली जुनी ट्रंक ओढली होती. त्यांचं माहेर दारव्ह्याचं. १९८३ मध्ये लग्न होऊन, आता बंद पडलेल्या त्या शकुंतलेच्या छोट्या गाडीतून, ही ट्रंक घेऊन त्या यवतमाळला आल्या. लग्नातला शालू, सासऱ्यांची पत्रं, माझ्या ह्यांचं जावळाचं टोपडं, सगळं बाजूला सारून त्यांनी तळातून रुमालात गुंडाळलेली एक डबी काढली. गोल, चपटी, पावडरची. आत आरसा. वर अक्षरं पुसट झालेली, पण वाचता येत होती – लॅक्मे.

“हे पाय,” त्या म्हणाल्या.

१९८५ साली घेतली होती ती. त्या तेव्हा शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाऊज शिवून देत. त्यातले पैसे साठवून बाजारातल्या जनरल स्टोअर्समधून आणली. दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी लग्न होतं. लावून, नटून बाहेर आल्या, तर माझ्या आजेसासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “काऊन वं, नाटकात काम कराले जातं का काय?” माणसं हसली. त्या आत गेल्या, तोंड धुतलं, डबी रुमालात बांधून ट्रंकेत टाकली. पुन्हा कधी काढली नाही.

मी डबी उघडली. चाळीस वर्षांत पावडरला चिरा गेल्या होत्या. एका कडेला मात्र बोटाएवढा खळगा पडलेला. एकदाच लावलेल्या पावडरचा.

“आई, तुमचे स्वतःचे पैसे होते ना?”

“पैसे माहे होते,” त्या म्हणाल्या, “अन् लाज लोकाईची.”

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. घेणारीला घेण्याची लाज, विकणारीला विकण्याची लाज! सासूबाईंनी काय चूक केली होती? काहीच नाही. आपल्या कष्टाच्या पैशांनी एक डबी घेतली. आणि मी? मला मात्र लाज वाटायलाच हवी होती, पण ती विकल्याची नाही. न शिकता विकल्याची, आणि चुकल्यावर तोंड लपवल्याची. दोन्ही लाजा मी एकाच गाठोड्यात बांधून ठेवल्या होत्या आणि ते गाठोडं मास्तरकीच्या नावानं माळ्यावर टाकलं होतं.

मग मी चौकशीला लागले. त्वचेच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. त्यांनी समजावलं की सुगंधी द्रव्यं पुष्कळांच्या त्वचेला सोसत नाहीत, आणि नैसर्गिक म्हणून विकलेलं सगळंच निर्धोक असतं असंही नाही. हळद, संत्र्याची सालसुद्धा एखादीला बाधते. म्हणून नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावायची, एक दिवस वाट पाहायची, आग-खाज झाली नाही तरच तोंडाला लावायची. आणखी एक कळलं. विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधनं बनवायची तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे, १९४० चा, त्याखाली परवाना घ्यावा लागतो. मी आपली कढईत कालवून विकायला बसले होते!

आपल्या बचत गटातल्या ज्या बहिणी साबण, उटणी, तेलं करतात, त्यांना मुद्दाम सांगते. आधी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात चौकशी करा. पुडीवर आत काय काय आहे ते सगळं लिहा. वजनकाट्याशिवाय काही मिसळू नका आणि केल्या तारखेची वही ठेवा. कंटाळवाणं वाटेल. पण लॅक्मेची डबी मुंबईत घ्या की यवतमाळला, आत तेच निघायचं, ते अशा कंटाळवाण्या कामांमुळेच.

सिमोनबाईंनी तर इतक्या वर्षांचा हा मांडलेला संसार उतारवयात सोडला. १९९६ मध्ये लॅक्मेनं हिंदुस्थान लिव्हरशी भागीदारी केली आणि १९९८ मध्ये ती कंपनी पुरती त्यांची झाली. स्वतः वाढवलेलं असं देऊन टाकताना मनाला काय वाटलं असेल! पण त्या हात जोडून बसल्या नाहीत. त्याच पैशातून ट्रेंट उभी राहिली, वेस्टसाइडची कापडाची दुकानं निघाली. तेव्हा त्या सत्तरीकडे झुकलेल्या. मी अजून चाळिशीलाही पोचले नाही, आणि एका फजितीनं दुकान बंद करून बसले होते.

संक्रांत जवळ आली. वाण काय लुटायचं, स्टीलच्या वाट्या की प्लॅस्टिकचे डबे, यावर मी बोलत होते, तर सासूबाई म्हणाल्या, “उटनं लुट. मी दळून देतो.” इकडे बायकाही ‘देतो’, ‘जातो’ म्हणतात, आता मला त्याचं हसू येत नाही.

डिसेंबरात आमच्याकडे संत्री भरपूर. साली सावलीत वाळवल्या. प्रमाण सांगून ठेवते: मसूरडाळीचं पीठ एक वाटी, मुलतानी माती अर्धी वाटी, सालीची पूड पाव वाटी, नागरमोथा, वाळा आणि कपूरकाचरी प्रत्येकी दोन चमचे, आंबेहळद एक चमचा. सगळं वस्त्रगाळ. वरून सुगंध काही नाही. विक्री नाही, नुसतं वाण. प्रत्येक पुडीला चिठ्ठी, आत काय आहे आणि आधी कोपरावर कसं लावून पाहायचं याची. चिठ्ठ्या आमच्या ह्यांनी लिहिल्या, अक्षर चांगलं आहे त्यांचं! मास्तरीणबाई वगैरे काही बोलले नाहीत. मीही आठवण दिली नाही.

हळदीकुंकवाच्या दिवशी सासूबाई आल्या-गेल्याला कुंकू लावत होत्या. जवळून पाहिलं तर त्यांच्या चेहऱ्यावर पावडरचा हलका हात होता. त्या चिरलेल्या डबीतली नव्हे हं, ती चाळीस वर्षांची पावडर मी लावू देणार नाही! माझ्या नव्या डबीतली. मी म्हटलं, “आई, छान दिसता.” त्या म्हणाल्या, “गप वं,” आणि आरशाकडे एकदा पाहून घेतलं.

वहिनींना बोलावणं पाठवलं होतं, पण त्या आल्या नाहीत. मग संध्याकाळी मीच निघाले. कुंकवाचा करंडा, तिळगूळ आणि एक पुडी घेऊन, दोन वर्षांनी त्या गल्लीत शिरले. दार वहिनींनीच उघडलं. मी उंबऱ्यातच सांगून टाकलं, “वहिनी, तेव्हा मी काय घातलं होतं ते मलाच माहीत नव्हतं. ते मी येऊन सांगायला हवं होतं. पैसे मुलाच्या हाती पाठवले, ते चुकलंच माझं.”

त्या थोडा वेळ बघत राहिल्या. मग “या ना आत,” म्हणाल्या. आतून ती मुलगी डोकावली. आता दहावीत आहे, चेहरा कसा नितळ! मी पुडी पुढे केली. वहिनींनी ती उलटून चिठ्ठी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

“ठेवतो,” त्या म्हणाल्या. “पन आधी मी माह्या कोपरावर लावून पाहीन, सांगून ठेवतो.”

“अवश्य,” मी म्हटलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या ओसरीवर निवांत बसून चहा प्याले.